मेलेली किल्ली

आमच्या ऑफिसात कोणी नोकरी सोडून चाललं की दोन गोष्टी एकाच वेळी व्हायच्या. मोठ्या खोलीत केक कापला जायचा, आणि बाहेर झेरॉक्स मशीनशेजारच्या टेबलावर भुजंगराव त्या माणसाच्या किल्ल्या मारत बसायचे. आत साहेबांचं भाषण रंगात आलेलं असायचं, 'तू घरचाच आहेस, कधीही ये' वगैरे. बाहेर भुजंगराव एकेक पासवर्ड बदलून त्या 'कधीही ये'ची दारं लावून घेत असायचे. टाळ्या पडेपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असायचं. मग ते आत यायचे, केकचा तुकडा बायकोसाठी डब्यात ठेवायचे आणि जाणाऱ्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, "झालास मोकळा."

भुजंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गोष्टीत पुरलेल्या धनावर भुजंग बसलेला असतो ना, स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही, तसे हे आमच्या किल्ल्यांवर बसलेले. नाव कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. फोन उचलला की स्वतःच म्हणायचे, "हं, भुजंग बोलतोय."

किल्ल्या म्हणजे काय ते सांगते. आमची कंपनी अँब्युलन्स बोलावण्याचं सॉफ्टवेअर बनवते. कोणी फोन केला की जवळची गाडी शोधायची, ड्रायव्हरला पत्ता धाडायचा, दवाखान्याला कळवायचं, ही सगळी धावपळ प्रोग्राम करतात. त्यासाठी प्रोग्रामला किल्ल्या लागतात: डेटाबेसची वेगळी, नकाशाची वेगळी, मेसेज पाठवायची वेगळी. डेटाबेसात लोकांची नावं, पत्ते, कोणाला कधी काय झालं होतं, कोणी काय खाऊन जीव द्यायला निघालं होतं, सगळं असतं. हातात किल्ली म्हणजे हातात लोकांची अब्रू. आणि प्रोग्राम लिहिणारे आम्ही डझनभर जण, प्रत्येकाला कधी ना कधी कुठली तरी किल्ली लागायचीच.

बाकीच्या ऑफिसांत याची पद्धत सोपी आहे. 'जरा पासवर्ड टाक ना ग्रुपवर' म्हणायचं, की कोणीतरी टाकतो. तो तिथे राहतो जन्मभर. माणूस नोकरी सोडतो, दुसरीकडे जातो, त्याचा फोन रिक्षात विसरतो, तरी पासवर्ड तिथेच. भुजंगरावांनी हे आल्या आल्या बंद केलं. सगळ्या किल्ल्या एका कुलूपबंद फाइलमध्ये घातल्या. तिला आम्ही तिजोरी म्हणायचो. फाइल सगळ्यांच्या लॅपटॉपवर असायची, पण उघडायची एका ओळीने, आणि ती ओळ म्हणजे सात शब्द. फासे टाकून शब्दांच्या यादीतून काढलेले, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. कोणाला अंदाज बांधता येऊ नये, पण माणसाला पाठ व्हावेत असे. शब्द मराठी, लिहायचे इंग्रजी अक्षरांत, कारण भुजंगरावांच्या मते "चोरांच्या डिक्शनऱ्या इंग्रजी असतात." ही ओळ तिघांनाच ठाऊक होती: त्यांना, मला आणि साहेबांना. साहेब ती दुसऱ्या दिवशी विसरले आणि पुढे कायम मलाच विचारत राहिले. बाकीच्यांनी आपला लॅपटॉप आमच्याकडे आणायचा, आम्ही तोंड न उघडता ओळ टाइप करायची आणि हवी तेवढीच किल्ली काढून द्यायची.

लोक वैतागायचे. मीही वैतागायची. माणूस गोड अजिबात नव्हता. त्यांचा एक जुना दोस्त होता, वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला. तो निघाला त्या दिवशीही भुजंगराव बाहेर बसून त्याच्या किल्ल्या मारत होते. त्याला ते फार लागलं. केक तोंडात तसाच ठेवून तो बाहेर आला आणि म्हणाला, "मी चोर आहे का रे?"

"नाहीस, म्हणूनच बदलतोय," भुजंगराव मान वर न करता म्हणाले. "उद्या इथे काही फुटलं, तर पहिला संशय गेलेल्या माणसावर येतो. तुझ्याजवळची किल्ली मेलेली असली की कोणी तुझं नाव घेणार नाही. जा, विसरून जा सगळं. विसरायची मुभा देतोय तुला."

मला तेव्हा हे शहाणपण ऐकून हसू आलं होतं. आता येत नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. नवीन माणूस नोकरीला लागला की पंधरवड्याच्या आत त्याला एक फोन यायचा. आवाज घाईतला, मोठ्या माणसाचा. 'साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय. तुझ्याजवळची किल्ली आम्ही सकाळीच बदलली, जुनी आता काही कामाची नाही. नोंदीसाठी तेवढी जुनी सांगून टाक.' जुनीच तर मागतायत, मेलेलीच तर आहे, असं वाटून बहुतेक जण सांगून टाकायचे. मग भुजंगराव त्या पोराच्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहायचे. मी एका मुलीला त्या उभं राहण्याने रडताना पाहिलंय आणि त्यावरून त्यांच्याशी कडाडून भांडलेही आहे. त्यांचं म्हणणं एकच: "चोर कधी चालू किल्ली मागत नाही. तो सांगतो, किल्ली मेलीय, आता बोलायला हरकत नाही. जो असं म्हणेल त्याच्यासमोर तोंड शिवून टाकायचं. मग तो सख्खा भाऊ असो."

मला तो फोन आला तेव्हा मी समोरच्याच्या बापाचा उद्धार केला होता. जरा वेळाने भुजंगराव टेबलाशी आले. मान डावी-उजवीकडे एकदा हलवली, ओठाचा एक कोपरा वर गेला, आणि म्हणाले, "पास. पण शिव्या जरा कमी." त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच, ओठाच्या एका कोपऱ्याने. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

त्यांच्या हातून एक मोठी चूकही झाली होती, म्हणजे लोक ती त्यांची म्हणायचे. एकदा कोणाच्या तरी निरोपाच्या दिवशी त्यांनी डेटाबेसची किल्ली बदलली. एका जुन्या प्रोग्राममध्ये कोणीतरी आळस करून ती किल्ली थेट लिहून ठेवली होती, तिजोरीतून न घेता, आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. तो प्रोग्राम बंद पडला. काही फोन आले आणि हवेत विरले. त्यातला एक फोन एका बाईचा होता. ती आपल्या इमारतीच्या जिन्यात बसून गाडीची वाट बघता बघता जिवानिशी गेली.

आळस करणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. किल्ली बदलणारा हात भुजंगरावांचा. त्यानंतर त्यांनी सगळे प्रोग्राम एकेक करून तपासले, कुठली किल्ली कुठे कुठे लागते हे शोधून काढलं आणि तो सगळा नकाशा डोक्यात ठेवला. लिहून ठेवा, मी कितीदा म्हटलं. त्यावर म्हणायचे, "लिहिलेला नकाशा म्हणजे चोराला आमंत्रण." यात त्यांचं साफ चुकत होतं. कुठल्या खोलीला कुलूप आहे हे सांगितल्याने घर लुटलं जात नाही. पण त्या बाईनंतर त्यांचा कशावरच विश्वास राहिला नव्हता, कागदावर तर मुळीच नाही. साहेबांनी तेव्हा नवा नियम केला: आपल्याला विचारल्याशिवाय किल्ल्या बदलायच्या नाहीत.

ऑफिसात असा मुखदुर्बळ माणूस घरी मात्र वेगळाच होता. त्यांची बायको, आमच्या काकू, पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. मशीन खिडकीशी, समोर एक लाकडी खुर्ची, आणि त्या खुर्चीत भुजंगराव संध्याकाळभर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायचे. 'सायकल विकणे आहे, एकदाच वापरलेली.' "एकदाच का गं? पडला असणार." 'घर भाड्याने देणे, शांत कुटुंब हवे.' "म्हणजे घरमालक भांडखोर." काकू मशीन थांबवून हसायच्या. त्यांना बोलायला भिंतही चालायची, आणि नवरा तर त्यांच्यावर वरचढ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चकितच झाले. काकू म्हणाल्या, "ऑफिसात मुके, घरी पोपट. दिवसभराचं साठवून आणतात आणि इथे ओततात. मला तेच हवं असतं. नुसतं बसून खाणारा नवरा काय करायचाय?"

त्याच खोलीत ते पहिल्यांदा घडलं. आम्ही तिघं बसलो होतो. काकूंनी विचारलं, "अहो, चहा टाकू का?"

"गोगलगाय," भुजंगराव म्हणाले.

काकू खळखळून हसल्या. "गोगलगाय तुम्ही. अर्धा तास एक जाहिरात वाचताय." मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. गोगलगाय हा आमच्या ओळीतला दुसरा शब्द होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझा चेहरा वाचत होते. त्यांना कळलं होतं की आपण काहीतरी बोललो, आणि काय ते मात्र कळलं नव्हतं.

"मी काय म्हणालो?"

"चहा हवा म्हणालात," मी म्हटलं.

जाताना ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "खोटं बोलू नकोस. तुझा चेहरा पांढरा पडला होता."

पुढचं सगळं डॉक्टरांनी सांगितलं. मेंदू विरत चालला होता. नावं जातील, रस्ते जातील, माणसं जातील. आणि मधल्या काळात, डॉक्टर म्हणाले, हवा तो शब्द सापडणार नाही आणि नको तो तोंडात येईल. जे रोज घोकलंय ते सर्वांत शेवटी जाईल. बाकी लोक रोज काय घोकतात? मुलांची नावं, एखादं गाणं. भुजंगरावांना मूलबाळ नव्हतं. ते रोज सकाळी दाढी करताना मनात सात शब्द घोकायचे.

डॉक्टरांकडून ते सरळ ऑफिसात आले आणि साहेबांसमोर उभे राहिले. मला शेजारी उभं केलं. "मला निरोप द्या," ते म्हणाले. "केक नको. माझ्या किल्ल्या बदला. ओळ बदला आणि आतलं सगळं बदला. माझ्या तोंडाचा आता भरवसा नाही."

साहेब उठून उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वाईट माणूस नव्हता तो, मऊ होता, आणि मऊ माणसं फार नुकसान करतात. म्हणाले, "तुम्ही आराम करा. पगारी रजा देतो. किल्ल्यांचं बघू आपण."

"बघू नका, बदला. अजून मला नकाशा आठवतोय. ही आणि मी मिळून एका आठवड्यात करतो."

"आणि तेव्हासारखं झालं तर? पुन्हा कोणी जिन्यात बसलं तर?"

तो घाव वर्मावर बसला. भुजंगरावांनी खुर्चीची पाठ धरली आणि मान खाली घातली. साहेबांना वाटलं, समजूत पटली. रजा दुसऱ्या दिवसापासून ठरली. इतक्या लोकांना मोकळं करणारा माणूस, त्याला कोणी मोकळं केलं नाही.

घरी बसल्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला: बोलणंच बंद केलं. आधी बाहेरच्यांशी. मग एका दुपारी काकूंकडे गिऱ्हाईक बाई मापाला आली होती, आणि आतल्या खोलीत झोपेत भुजंगराव मोठ्याने शब्द बोलू लागले. आपल्याच आवाजाने दचकून जागे झाले, बाहेर धावत आले आणि त्या बाईचं मनगट धरून विचारू लागले, "काय ऐकलंस? किती ऐकलंस?" ती बिचारी अंगावर टाचण्या लावलेल्या कपड्यांतच पळाली. काकूंनी घरी गिऱ्हाईक घेणं थांबवलं. एका शर्टांच्या कारखान्यातून कॉलरींचे गठ्ठे आणून त्या शिवू लागल्या. खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि समोरच्या खुर्चीत ओठ आवळून बसलेला नवरा. ऑफिसातून कोणा बाईंचा काकूंना फोनही आला, की त्यांच्या तब्येतीची काळजी वाटते, तर पाहुणे जरा कमीच ठेवा, आणि त्यांच्या हाती फोन देऊ नका. काळजी कसली वाटत होती ते काकूंना समजलं होतं.

मी गेले की त्या माझ्यावर आग पाखडायच्या. बरोबरच होतं, ऑफिसचं दुसरं कोणी त्यांच्या तावडीत सापडत नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात अजून सहा-आठ महिने बोलता येईल यांना. तुटक का होईना, चुकीचं का होईना, बोलता येईल. मला सायकलीला गोगलगाय म्हटलेलं चालेल गं. पण हे तोंडच उघडत नाहीत. आजार न्यायचं ते नेईलच. बोलणं आजाराने नाही नेलेलं. तुमच्या त्या मेल्या किल्लीने नेलंय."

भुजंगराव हे ऐकत असायचे. काकूंकडे असं बघायचे की मलाच खोलीबाहेर जावंसं वाटायचं. त्या माणसाला बोलायचं होतं. ओठांत शब्द चाळवायचे, गळ्याची घाटी वर-खाली व्हायची, आणि नेमका कुठला शब्द बाहेर पडेल या भीतीने ते तो गिळून टाकायचे. गिळलेलं दिसायचं.

मी साहेबांकडे गेले. नकाशा मी बनवते, म्हटलं, मग तर बदलाल? ते म्हणाले, हो. तेव्हापासून मी दर रविवारी काकूंकडे जाऊन बसू लागले. भुजंगराव बोलणार नव्हते, म्हणून आम्ही मानेवर काम चालवलं. मी एकेका प्रोग्रामचं नाव घ्यायची: हा डेटाबेसची किल्ली वापरतो? मान हलायची. मेसेजची? मान नाही म्हणायची. शंका आली की मी तेच पुन्हा उलटं करून विचारायची. चांगल्या दिवशी ते भराभर उत्तरं द्यायचे, आणि एकदा तर माझ्या हातातलं पेन काढून घेऊन मी विसरलेल्या प्रोग्रामचं नाव स्वतः लिहिलं. वाईट दिवशी मी कोण हेच त्यांना आठवायचं नाही, मग मी काकूंबरोबर कॉलरी उलटवत बसायची. मान खरी की खोटी हे ऑफिसात येऊन मी प्रत्येक प्रोग्राम उघडून ताडून पाहायची. एकही मान खोटी निघाली नाही.

नकाशा पुरा झाला. साहेब म्हणाले, शाब्बास, पण या महिन्यात नको, नवीन शहराशी करार होतोय, त्यांच्यासमोर काही बंद पडलं तर नाक कापलं जाईल. पुढच्या महिन्यात करार झाला, तर म्हणाले, आत्ताच सगळं सुरळीत लागलंय, कशाला हात लावतेस. त्याच्या पुढच्या महिन्यात ते नजर चुकवू लागले. एकदा लिफ्टमध्ये सापडले तेव्हा म्हणाले, "खरं सांगू का, त्यांना आता तसंही कोण काय विचारणार? घरात तर बसलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ती मूठ त्या माणसाचं तोंड आहे," मी म्हटलं. लिफ्टमध्ये आणखी लोक होते. साहेब पुढच्याच मजल्यावर उतरले.

इकडे रविवार बदलत चालले होते. भुजंगराव आता माझ्याकडे ओळख न पटल्यासारखे बघायचे, प्रत्येक वेळी. मानही हलवायचे नाहीत. काकूंना ओळखायचे, पण नाव जाऊन फार दिवस झाले असावेत. रोज झोपेत मात्र ती ओळ यायची, काकू सांगायच्या, स्वच्छ, न अडखळता. दिवसभर ओठ शिवलेले आणि झोपेत तेवढंच.

शेवटी मी विचारणं सोडलं. साहेब नवीन शहरात मुक्कामाला गेले होते. एका सकाळी, फोन सर्वांत कमी येतात तेव्हा, मी झेरॉक्स मशीनशेजारच्या त्याच टेबलावर जाऊन बसले, फासे टाकले, नवे सात शब्द काढले आणि नकाशाप्रमाणे एकेक किल्ली मारत गेले. प्रत्येक किल्लीनंतर थांबून खोटा फोन लावायची, गाडी निघते का बघायची, मग पुढची. ती जिन्यातली बाई माझ्या शेजारीच बसली होती असं म्हणा. एकदा मेसेज जायचे थांबले, नवी किल्ली घालून प्रोग्राम पुन्हा सुरू केला, तेव्हा ते जाऊ लागले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं संपलं. कोणाला कळलंही नाही. भुजंगरावांना जे एका आठवड्यात करायचं होतं ते खरं तर एका सकाळचं काम होतं, नकाशा लिहिलेला असता तर. साहेब परत आल्यावर माझ्यावर ओरडले आणि मग कोणी विचारलं तर 'मीच तिला सांगितलं होतं' असं म्हणू लागले. ते सोडा.

मी तशीच काकूंकडे गेले. रविवार नव्हता, दार उघडताच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं. "बदलल्या?" मी मान हलवली. काकू तिथेच उंबऱ्यात खाली बसल्या, आणि मग डोळे पुसून उठल्या, खिडकीचा पडदा सारला आणि काही महिन्यांनी पहिल्यांदा ती खिडकी सताड उघडली.

भुजंगराव खुर्चीत होते. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"भुजंगराव, किल्ल्या बदलल्या. सगळ्या. जुनी ओळ आता कशालाच लागत नाही. मेली ती किल्ली. तुम्ही मोकळे झालात. आता बोला, काय हवं ते बोला, बोलायला हरकत नाही."

त्यांनी नीट ऐकलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं. मला वाटलं, त्यांना समजलं. आणि समजलंच होतं. त्यांनी मान डावी-उजवीकडे एकदा हलवली आणि ओठाचा एक कोपरा वर गेला.

ते हसू मला कुठेही ओळखू आलं असतं. समोर एक अनोळखी बाई होती, आणि ती म्हणत होती, किल्ली मेलीय, आता बोलायला हरकत नाही. सगळं गेलं होतं, माझं नाव, काकूंचं नाव, पण शिकवलेलं गेलं नव्हतं. आज ते स्वतः परीक्षेत पास झाले होते.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांना ती फोनची खोड ठाऊक नव्हती, सांगावी कशी हेही मला सुचेना. त्यांना वाटलं, यांचा नुसता विश्वास बसत नाहीये. त्या जवळ आल्या, त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि लहान मुलाशी बोलावं तशा हसत म्हणाल्या, "अहो, खोटं नाही बोलत ती. आणि गुपित कसलं घेऊन बसलाय? मला तर कधीचं पाठ आहे. ऐका. शिट्टी, गोगलगाय, उंबरा, तांबूस, कोयता, सोमवार, पाचर. बघा. रोज ऐकते मी. सांगितलं कोणाला? काही बिघडलं?"

मी त्यांना थांबवायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. शब्द संपेपर्यंत भुजंगरावांचं ते हसू गेलेलं होतं. ते बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जिन्यातल्या बाईची बातमी आली त्या दिवशी एकदाच पाहिलं होतं. फुटलं. आपल्या तोंडून फुटलं. त्यांनी उजवा हात उचलून काकूंच्या तोंडावर ठेवला, जोरात नाही, हळूच, पण घट्ट. डावा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. आणि रडू लागले, आवाज न करता. काकूंचे डोळे त्यांच्या बोटांवरून माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर ते झोपेतही बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकला. असेल.

काकूंनी घरी पुन्हा गिऱ्हाईक घ्यायला हरकत नव्हती, पण घेता आली नाहीत. त्या कोणाशीही बोलू लागल्या की भुजंगराव खुर्चीतून उठतात, भिंत धरत धरत येतात आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवतात. गिऱ्हाईक असो, मी असो, दूधवाला असो. एरवी त्यांना धड उठता येत नाही, त्यासाठी मात्र उठतात. पडतील म्हणून काकूच बोलत नाहीत आता.

मला फोन करायचा असला की त्या दार ओढून घेऊन बाहेर येतात. तिसऱ्या पायरीवर बसतात म्हणे, तिथून दार दिसतं. फोनवर त्यांचा आवाज बारीक येतो, आणि मध्येच थांबतो.

"जिन्यात बसलेय," त्या म्हणतात. "तूच बोल काहीतरी. मी ऐकते."